टक् म्हणेपर्यंत

गेल्या नोव्हेंबरात मिशिगनमध्ये थंडी पडायला लागली आणि माझ्या गाडीत पेट्रोलचा वास यायला लागला. सकाळी पहिल्यांदा गाडी सुरू केली की पाच मिनिटं यायचा, मग जायचा. गाडी जुनी, विद्यापीठ सोडून जाणाऱ्या एका विद्यार्थ्याकडून घेतलेली. दोनच महिन्यांपूर्वी एका गराजमध्ये तिचा हाय प्रेशर फ्युएल पंप बदलून घेतला होता. तेव्हा तुम्ही काढाल तोच निष्कर्ष मी काढला: कुठला तरी नट ढिला राहिला असणार.

हॅमट्रॅमॅकमधल्या एका म्हाताऱ्या मेकॅनिकने पंपापासून निघणारी स्टीलची नळी काढून माझ्या हातात दिली. नळीचं टोक गोलसर असतं, ते समोरच्या शंकूसारख्या खोबणीत बसतं आणि मागून नट त्याला दाबून धरतो. मध्ये रबर नाही, वायसर नाही, धातूवर धातू. त्या गोलसर टोकावर एक खोल, वाकडी खाच पडली होती. "ढिला नव्हता," तो म्हणाला, "जास्त आवळला होता." धातू चेपला, एका बाजूने ओठ उचलला गेला. इंजिन गरम होऊन सगळं फुगलं की फट बुजायची, थंडीत पुन्हा उघडायची. शिवाय ही नळी एकदा काढली की पुन्हा वापरायची नसते, असं बहुतेक कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. तीच नळी परत लावली होती, आणि ती बसत नाही म्हणून कुणी तरी अंगातलं बळ लावलं होतं.

माझा अभ्यासाचा विषय तंत्रज्ञानाचा इतिहास आहे. म्हणजे गाडी दुरुस्त करता येत नाही, पण ती बिघडली की आनंदाने शंभर वर्षं मागे जाता येतं. 'किती आवळायचं' हा प्रश्न आकड्यात कधीपासून विचारला जायला लागला, हे मी त्या आठवड्यात शोधत बसले. नवी नळी यायला सहा दिवस लागणार होते.

आधी आटे सारखे व्हावे लागले. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्रत्येक कारखान्याचा बोल्ट वेगळा होता, एकाचा नट दुसऱ्याला बसत नसे. १८४१ मध्ये इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थने आट्यांचं प्रमाण सुचवलं, १८६४ मध्ये फिलाडेल्फियात विल्यम सेलर्सने अमेरिकेसाठी दुसरं सुचवलं. दोघांचे कोन वेगळे, एकाचा ५५ अंश, दुसऱ्याचा ६०. हे भांडण पुढे दुसऱ्या महायुद्धात दोन्ही सैन्यांना चांगलंच महागात पडलं, पण तो वेगळा लेख होईल. 'टॉर्क' हा शब्द इंजिनिअरांच्या तोंडी आला १८८४ मध्ये. जेम्स थॉमसन यांनी तो सुचवला, लॅटिनमधल्या 'पिळणे' या क्रियापदावरून. मराठीत 'पीळ' इतका सरळ शब्द हाताशी असताना आपण टॉर्कच का म्हणतो, असा प्रश्न मला पडतो, पण मीही टॉर्कच म्हणते.

आता शब्द होता, आटे होते, आकडा मात्र कारागिराच्या मनगटातच होता. तो बाहेर काढला न्यूयॉर्कच्या पाणी खात्यातल्या माणसाने, आणि मोटारींसाठी नव्हे. जमिनीखालून पाण्याचे आणि वाफेचे मोठे नळ गेलेले असतात. दोन नळ जोडताना त्यांच्या चकत्या समोरासमोर ठेवून भोवताली बोल्ट लावतात. एक बोल्ट जास्त आवळला गेला की चकती तिरकी होते, समोरच्या बाजूने पाणी येतं, मग समोरचा आणखी आवळायचा, की बिडाची चकतीच तडकते. खड्डा बुजवला, वर रस्ता केला, आणि मग गळायला लागलं, तर पुन्हा खणा. कॉनरॅड बार हा त्या खात्यातला माणूस. १९१८ मध्ये त्याने किती जोर लागला ते कळेल असा पाना तयार केला, असं सांगितलं जातं. टॉर्क रेंचचं मूळ म्हणून सहसा त्याचंच नाव घेतात.

मोटारीत हा पाना आला तो क्रायस्लरमधून. वॉल्टर क्रायस्लर हा पाढे म्हणत मोठा झालेला शेठ नव्हता. कॅन्ससमधल्या एलिस गावात, युनियन पॅसिफिक रेल्वेच्या कारखान्यात त्याने उमेदवारी केली, आणि तेव्हा स्वतःची हत्यारं स्वतःच घडवली. पुढे न्यूयॉर्कमध्ये त्याच्या नावाची गगनचुंबी इमारत उभी राहिली, तेव्हा वरच्या मजल्यावर त्याने ती हत्यारं लोकांना बघायला काचेत ठेवली होती. अशा माणसाच्या कंपनीला आवळण्याची चिंता पडावी यात नवल नाही. १९२४ च्या पहिल्या क्रायस्लर गाडीचं इंजिन त्या काळाच्या मानाने जास्त कॉम्प्रेशनचं होतं. जास्त कॉम्प्रेशन म्हणजे सिलिंडर हेडला आतून जास्त धक्का, आणि म्हणून हेडचे सगळे बोल्ट सारखे आवळलेले हवेत. पॉल स्टर्टेव्हंट नावाच्या विक्रेत्याने क्रायस्लरकडून परवाना घेऊन असे पाने बनवून विकायला सुरुवात केली आणि १९३८ मध्ये स्वतःचं पेटंट मिळवलं. त्याच्या पान्याची रचना इतकी साधी की बघून हसू येतं. एक लांब दांडा, जो जोर लावल्यावर किंचित वाकतो, आणि त्याला समांतर एक बारीक सळई, जिच्यावर जोर येत नाही म्हणून ती सरळच राहते. वाकलेल्या दांड्यावरच्या पट्टीवर सरळ सळईचं टोक जिथे दिसेल तो तुमचा आकडा. मी ई-बेवर वीस डॉलरला असा एक जुना घेतला, अजून खरं बोलतो.

'टक्' असा आवाज करणारा पाना त्याच दशकात आला. १९३५ मध्ये कॉनरॅड बार आणि जॉर्ज फेफर्ले यांनी आकडा आधीच लावून ठेवता येईल अशा पान्याचं पेटंट घेतलं. आत स्प्रिंग, मूठ फिरवली की स्प्रिंग दाबली जाते, ठरलेला जोर आला की आतला भाग निसटतो आणि हाताला झटका लागतो. इथे एक मोठी गोष्ट घडली असं माझं मत आहे. सळईच्या पान्यात बघायचं काम माणसाकडे होतं. 'टक्'च्या पान्यात माणसाने फक्त ऐकायचं आणि थांबायचं.

पण हा पाना नेमकं काय मोजतो? तुमच्यापैकी निम्मे इंजिनिअर आहात, तुम्हाला हे ठाऊक असेल, बाकीच्यांसाठी सांगते, कारण मला स्वतःला हे तिशी उलटल्यावर कळलं. आपल्याला हवा असतो तो बोल्टचा ताण. बोल्ट म्हणजे एक अत्यंत कडक स्प्रिंग. आवळताना तो केसभर लांबतो, आणि परत आखूड व्हायच्या धडपडीत दोन वस्तूंना एकमेकींवर दाबून धरतो. तो ताण आपल्याला दिसत नाही, दिसतो पीळ. आणि त्या पिळातला साधारण निम्मा भाग बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात जातो, चाळीस टक्क्यांच्या आसपास आट्यांमधल्या घर्षणात, आणि उरलेले दहाएक टक्के काय ते बोल्ट ताणायच्या कामी येतात. म्हणजे रुपयातले दहा पैसे मोजायला आपण सगळा रुपया मोजतो.

आता सहा मिलिमीटरचा साधा बोल्ट घ्या, इंधनाच्या भागांवर असे बरेच असतात. कोरड्या आट्यांवर त्याला १० न्यूटन मीटर लावले की तो सुमारे साडेआठशे किलो वजनाइतक्या जोराने दाबून धरतो. करंगळीपेक्षा बारीक बोल्ट! त्याच बोल्टला कुणी 'जरा तेल लावू, गंजायला नको' म्हणून तेल लावलं आणि तोच आकडा पान्यावर ठेवला, तर घर्षण कमी झाल्यामुळे ताण अकराशे किलोच्या वर जातो, आणि बोल्ट त्याच्या सहनशक्तीच्या अगदी काठावर येतो. पाना मात्र दोन्ही वेळेला तेवढ्याच प्रामाणिकपणे 'टक्' म्हणणार. म्हणून मॅन्युअलमध्ये आकड्याशेजारी 'कोरडा' की 'तेल लावून' हे लिहिलेलं असतं, आणि तो शब्द आकड्याइतकाच महत्त्वाचा असतो. अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी आणखी एक खड्डा आहे. १० न्यूटन मीटर म्हणजे साडेसात फूट-पाउंडाला थोडे कमी, किंवा ८८ इंच-पाउंड. फूट आणि इंच यांत गल्लत झाली तर चूक बारा पटींची. आणि चाकाच्या नटांसाठी घेतलेला दीडशे फूट-पाउंडाचा मोठा पाना अशा बारीक कामाला वापरू नका, पट्टीच्या अगदी तळाला तो भरवशाचा नसतो.

इंधनाच्या बाबतीत हे सगळं इतकं नाजूक होण्याचं कारण दाब. १९०८ च्या फोर्ड मॉडेल टीमध्ये पेट्रोलची टाकी सीटखाली होती आणि पेट्रोल नुसतं उतारावरून पाणी यावं तसं कार्ब्युरेटरमध्ये यायचं. टाकी कमी भरलेली असली आणि चढ लागला की पेट्रोल पोचायचं नाही, म्हणून लोक गाडी वळवून रिव्हर्समध्ये चढ चढायचे. अशा व्यवस्थेत जोड गळलाच तर थेंब थेंब गळणार. पुढे पंप आले, पण कार्ब्युरेटर होता तोवर दाब सायकलच्या ट्यूबपेक्षाही कमी. दाबाची खरी उडी डिझेलमध्ये होती. १९२७ मध्ये श्टुटगार्टमध्ये बॉशने डिझेल इंजेक्शन पंपांचं नियमित उत्पादन सुरू केलं, आणि हवेपेक्षा शेकडो पट दाब ट्रकच्या बॉनेटखाली आला. १९९७ मध्ये अल्फा रोमिओ १५६ मध्ये कॉमन रेल आली, फियाटच्या संशोधन केंद्रात वाढलेली आणि बॉशने पूर्ण केलेली. तिचा दाब १३५० बार. आज दोन हजारांच्या वर गेला आहे. माझ्या साध्या पेट्रोल गाडीतही आता दीड-दोनशे बार असतात.

इथे मला नाशिकला यावं लागतं. मायकोचा कारखाना म्हटलं की जुन्या नाशिककरांना वेगळं काही सांगावं लागत नाही, डिझेल इंजिनाचे इंजेक्टर आणि नोझल तिथे बनत आले. केसापेक्षा बारीक भोकं पाडणाऱ्या माणसांच्या वसाहतीत शाळकरी वर्षं गेली की मायक्रॉन हा शब्द पोळी-भाजीसारखा कानावर पडतो. माझा मामा मात्र कारखान्यात नव्हता. आग्रा रोडला आडगाव नाक्याजवळ त्याचं ट्रकचं गराज होतं, अजून आहे.

मामाच्या हाताबद्दल लोक बोलायचे. ट्रकमध्ये डिझेल संपून हवा शिरली की इंजिन सुरू होत नाही, मग फिल्टरवरचा बोल्ट ढिला करून हातपंप मारत राहायचं, फेस यायचा थांबून नितळ डिझेल आलं की बोल्ट आवळायचा. त्या बोल्टखाली तांब्याचे वायसर असतात. दरवेळी नवे मिळत नसत, तेव्हा मामा जुने वायसर लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकायचा. तांबं असं मऊ होतं आणि पुन्हा दबून बसतं. लोखंडाच्या बाबतीत हे उलटं असतं, हे मला त्याने दहाव्या वर्षी शिकवलं, धातुशास्त्राच्या प्राध्यापकाने पुन्हा एकदा विसाव्या. किती आवळायचं असं विचारलं तर म्हणायचा, "वायसर हाताला सांगतो." ही आध्यात्मिक गोष्ट नव्हती. मऊ तांबं दबताना पाना थोडा मऊ फिरतो आणि मग एकदम घट्ट लागतो, तो बदल मनगटाला कळतो. आज मोठे कारखाने बोल्ट आवळताना टॉर्कबरोबर फिरण्याचा कोनही मोजतात, ते याच बदलाचा शोध घेत असतात.

आणखी एक रीत होती. इंजिन एका सिलिंडरवर मिस मारतंय असं वाटलं की मामा इंजिन चालू ठेवून एकेका इंजेक्टरच्या पाईपचा नट अर्धा आटा ढिला करायचा. चांगल्या सिलिंडरचा नट ढिला केला की आवाज बदलतो, इंजिन अडखळतं. ज्याचा ढिला करूनही काही फरक पडत नाही तो मेलेला. मग पाईपवर बोट ठेवून डिझेलचे ठोके बघायचे, वैद्याने नाडी बघावी तसे. सगळे मेकॅनिक हेच करायचे, पुस्तकातही हेच दिलेलं असे, आणि त्या पंपांवर ते चालूनही जायचं.

मग कॉमन रेलच्या गाड्या आल्या. नवी पिकअप, चार सिलिंडर, मिस मारतेय. मामाने सवयीने नट ढिला केला.

तुम्हाला माहीत नसेल तर सांगते, एवढ्या दाबाचं डिझेल दिसत नाही. धुक्यासारखी बारीक रेघ असते, आणि ती कातडीतून इंजेक्शनसारखी आत जाते. उजव्या हाताच्या तर्जनीवर टाचणीएवढा ठिपका दिसत होता. दुखतही नव्हतं. जवळच्या दवाखान्यात मलम आणि धनुर्वाताची सुई देऊन घरी पाठवलं. दिसायला ती जखम नव्हतीच, त्यामुळे त्यांना दोष द्यावा असं आमच्या घरी तेव्हा कुणाला वाटलं नाही. आज मला वाटतं, कारण अशी जखम काही तासांत उघडून धुवावी लागते, आणि तेवढं ज्ञान महामार्गावरच्या दवाखान्यात असायला हवं. दुसऱ्या दिवशी हात सुजला. तिसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली आणि बोटाची वरची दोन पेरं काढावी लागली.

मी तेव्हा कॉलेजात होते. बरीच वर्षं मी ही गोष्ट मनात अशी लावली होती की जुनी विद्या नव्या यंत्रापुढे हरली. हॅमट्रॅमॅकच्या नळीने माझी ती मांडणी बिघडवली. माझ्या गाडीवर काम करणाऱ्याकडे आकडा होता, पाना होता, मॅन्युअल संगणकावर होतं. तरी त्याने जुनी नळी दाबून बसवली. मामाच्या हाताने तो जोड तसा आवळला नसता, धातू चेपतोय हे त्याला कळलं असतं. आणि मामाकडे नव्हतं ते काय, तर पाना नव्हे. रेलमधला दाब आता कोणत्या पट्टीत आहे हे सांगणारं कुणीच त्याच्यापर्यंत पोचलं नव्हतं. गाड्या आडगाव नाक्यावर आल्या, मॅन्युअल आलं नाही. आलं असतं तरी इंग्रजीत आलं असतं.

'टक्'वर विसंबण्याची सर्वांत प्रसिद्ध कथा विमानाची आहे. १० जून १९९० रोजी ब्रिटिश एअरवेजचं बर्मिंगहॅमहून मालागाला निघालेलं विमान सतरा हजार फुटांवर असताना वैमानिकासमोरची काच उडून गेली आणि कॅप्टन अर्धा बाहेर ओढला गेला. सहकाऱ्यांनी पाय धरून ठेवले, सहवैमानिकाने विमान साउदॅम्प्टनला उतरवलं, कॅप्टन वाचला. आदल्या दिवशीच्या पहाटे काच नवी बसवली होती, ९० बोल्टांनी. त्यातले ८४ किंचित बारीक व्यासाचे होते, फरक एका मिलिमीटरहून कमी. जुना बोल्ट शेजारी धरून डोळ्याने जुळवून घेतले होते. बसवणाऱ्याने ठरलेल्या जोराला निसटणारा स्क्रूड्रायव्हर वापरला होता. बारीक बोल्ट नटाच्या आट्यांवरून घसरत होते, त्याचाही 'टक्' असाच आवाज येत होता, आणि दोन्हींतला फरक त्याच्या हाताला जाणवला नाही. चौकशी अहवालात हे सगळं आहे, आणि माणसाला राक्षस न ठरवता लिहिलेलं आहे. अपुरा उजेड, रात्रपाळी, काचेवर ओणवं होऊन लांब हाताने केलेलं काम. तंत्रज्ञानाच्या इतिहासाचे विद्यार्थी शिकवायला मिळाले की मी हा अहवाल पहिल्याच आठवड्यात वाचायला लावते.

माझी नवी नळी सहाव्या दिवशी आली. म्हाताऱ्याने मला शेजारी उभं राहू दिलं. पंपाच्या आत स्प्रिंग असते, ती पंपाला वर ढकलत असते, म्हणून त्याचे दोन बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे आवळायचे, नाहीतर पंप तिरका बसतो आणि ॲल्युमिनियमचे आटे खाऊन टाकतो. नळीचे दोन्ही नट आधी नुसत्या बोटांनी, शेवटपर्यंत. बोटांनी जात नसेल तर नळी सरळ बसलेली नाही, पाना उचलायचाच नाही. मग पाना, हळू, एका दमात. टक्. दुसऱ्यांदा 'टक्' करून बघायचा मोह मला झाला असता, त्याने पाना लगेच खाली ठेवला. दुसरा 'टक्' म्हणजे थोडं जास्तच आवळणं. मग पान्याची मूठ उलट फिरवून त्याने स्प्रिंग सर्वांत खालच्या आकड्यावर आणली आणि पाना डब्यात ठेवला.

डिसेंबरात नाशिकला गेले तेव्हा मामासाठी एक छोटा टॉर्क रेंच नेला, न्यूटन मीटरचा. गराजमध्ये आता दोन पोरं कामाला आहेत, मामा खुर्चीवर बसून सांगतो. कॉमन रेलच्या गाडीला हात लावायच्या आधी इंजिन बंद करून दाब उतरेपर्यंत थांबायचं, असं त्याने भिंतीवर खडूने लिहून ठेवलंय, आणि गळती बघायला बोट नाही, पुठ्ठा. पाना त्याने उजव्या हातात घेतला, आखूड बोट मुठीवर नीट बसेना, मग डाव्या हातात घेतला. व्हाइसमध्ये धरलेल्या एका जुन्या बोल्टवर आकडा न बघता आवळला, मला म्हणाला, बघ किती झालं. मी पाना लावून वाढवत गेले. तेरा झाले होते.

"बाराला सोडायला पाहिजे होता," तो म्हणाला. मग पाना उलटा-पालटा करून बघितला आणि विचारलं, "हा किती दिवस खरं बोलतो?"

मी सांगितलं, वर्षातून एकदा किंवा पाच हजार वेळा वापरून झाला की तपासून घ्यायचा असतो.

"मग कोण मोजणार पाच हजार?" तो म्हणाला. आतून एका पोराला हाक मारली, पंचांगाच्या मागच्या पानावर तारीख लिहून ठेवायला सांगितली, आणि पाना डब्यात ठेवण्याआधी मूठ उलटी फिरवायची असते हे मी सांगायच्या आधी त्याने फिरवलेलीही होती.